ॲक्रेलिकचा घरगुती स्टँड लेझरवर कापून घेताना

आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरात सोप्याच्या एका कोपऱ्यातच काय तो धड प्लग पॉइंट आहे. त्यामुळे राऊटर, सेटटॉप बॉक्स, तीन फोन, दोन रिमोट, लाईट गेल्यावर लागणारी बॅटरी आणि सासूबाईंचं बीपी मशीन, सगळं त्याच्याशेजारच्या एका स्टुलावर दाटीवाटीनं असायचं. बीपी मशीनचा पट्टा ओढला की राऊटरची वायर निघायची. आधी एमडीएफचा, म्हणजे लाकडाच्या भुश्याच्या दाबीव फळीचा, एक रॅक आणला होता. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीतच आहे, आणि खानापूरच्या बाजूला तर विचारायलाच नको. श्रावण यायच्या आत त्या रॅकचा तळ फुगला आणि कडांवर बुरशी धरली. तेव्हा ॲक्रेलिकचा, म्हणजे काचेसारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या शीटचा, विचार सुरू केला.

मी दोन स्टँड करून घेतले. पहिला खुळखुळत होता, नंतर त्याला चिरा पडल्या आणि शेवटी तो मोडीत गेला. दुसरा दोन पावसाळे झाले तरी खणखणीत उभा आहे. दोन्ही एकाच मशीनवर कापलेले, शीटही एकाच दुकानातली. फरक होता तो मी घरी बसून केलेल्या तयारीत. मशीन वीस-पंचवीस मिनिटांत काम संपवतं आणि तुम्ही फाइलमध्ये जे काढलं असेल तेच कापतं, तुमच्या चुकीसकट. म्हणून या लेखात दुकानापेक्षा घरच्या टेबलावरचं काम जास्त आहे.

काय काय जवळ हवं

- स्टीलची पट्टी आणि व्हर्नियर, म्हणजे जाडी अचूक मोजायचं साधन. साधा डिजिटल व्हर्नियर चालतो, पण हवाच. टेपनं हे काम होत नाही.
- टीव्ही किंवा मिक्सरच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, कटर, चिकटपट्टी.
- कॉम्प्युटर आणि इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर. कोरलड्रॉ येत असेल तर उत्तमच, बहुतेक दुकानांत तेच असतं.
- पेनड्राईव्ह, आणि त्यातल्या ड्रॉइंगची मापं लिहिलेली कागदी प्रत.
- एका चिठ्ठीवर शीटची जाडी, रंग, प्रकार आणि नग. ही चिठ्ठी दुकानात ठेवून यायची.

१. वस्तू मांडा आणि वायरीसकट मोजा

फोन नुसता मोजू नका, कव्हरसकट मोजा. आमच्याकडचे फोन कव्हर घालून ११ ते १२ मिलिमीटर जाड भरले, म्हणून त्यांच्यासाठी १५ मिलिमीटरची जागा ठेवली. सगळ्यात जास्त फसतं ते चार्जरच्या पिनेपाशी. टाइप-सी पिनचं प्लॅस्टिकचं डोकं सुमारे १२ मिलिमीटर रुंद असतं, आणि त्याच्यापुढे वायरीला वळायलाही जागा लागते. फोन उभा ठेवून चार्ज करायचा असेल तर त्याच्याखाली पिन आणि वायरीचा वाक मिळून ४५ ते ५० मिलिमीटर मोकळे सोडावे लागतात. मी पहिल्यांदा हे धरलंच नव्हतं. फोन कप्प्यात झकास बसायचा, पण पिन लावली की वर यायचा.

दुसऱ्या वेळी मी फोन आडवे, लांब कडेवर उभे केले. मग पिन बाजूनं लागते आणि खालची उंची वाचते. बटणं मात्र वरच्या कडेला येतील असे ठेवा, नाहीतर फोनच्याच वजनानं आवाजाचं बटण दाबलं जातं.

राऊटरचं माप घेताना अँटेना वर करून घ्या. बीपी मशीनच्या कप्प्याला पट्टा गुंडाळून ठेवण्याइतकी जागा द्या. रिमोटला फार विचार लागत नाही, ६० बाय ४० मिलिमीटरचा उभा कप्पा पुरतो.

२. आत काय ठेवायचं नाही ते आधीच ठरवा

हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. ॲक्रेलिक पेट घेतं. साधारण शंभर अंशांच्या पुढे ते मऊ पडायला लागतं आणि ज्योत लागली तर जळत राहतं. राऊटर काही इतका तापत नाही, पण एखादा हलक्या दर्जाचा चार्जर किंवा सैल झालेला एक्स्टेन्शन बोर्ड तापू शकतो. म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड आणि चार्जरची डोकी स्टँडच्या बाहेर, भिंतीपाशीच राहू द्या. आत फक्त वायरी आणायच्या. पॉवर बँक आत ठेवली तरी रात्रभर चार्जिंगला आत लावू नका.

राऊटरला सगळ्यात वरच्या फळीवर, उघड्यावर ठेवा. उष्णता वर निघून जाते आणि घरभर रेंजही बरी मिळते. साधं ॲक्रेलिक रेंज अडवत नाही. आरशासारख्या चकचकीत शीटवर मात्र धातूचा थर असतो, ती राऊटरच्या आसपास नको. सेटटॉप बॉक्सची पुढची बाजू उघडी ठेवा म्हणजे रिमोटला अडथळा होणार नाही. मागची बाजू पूर्ण बंद करायची गरजच नाही, ८० मिलिमीटरची एक आडवी पट्टी पुरते. ती पट्टी काढून टाकू नका, कारण स्टँड डावी-उजवीकडे लचकत नाही तो तिच्यामुळेच.

३. पुठ्ठ्याचा स्टँड करा आणि चार दिवस वापरा

जाड खोक्याचा पुठ्ठा पाच मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे पुढे घ्यायच्या ५ मिलिमीटरच्या शीटच्या जवळपास. खऱ्या मापानं सगळे भाग कापा, चिकटपट्टीनं जोडा आणि त्यात खरोखर वस्तू ठेवा. नुसतं बघून सोडू नका, घरातल्यांना वापरू द्या. आमच्याकडे पहिल्याच संध्याकाळी कळलं की सासूबाई बीपी मशीन डाव्या हातानं काढतात आणि मी त्यांचा कप्पा उजव्या टोकाला ठेवला होता. पुठ्ठ्यात तो बदल पाच मिनिटांत झाला. ॲक्रेलिकमध्ये झाला नसता.

माझी शेवटची मापं अशी: रुंदी ३६०, खोली २००, उंची २४० मिलिमीटर. तळ एक, वरची फळी एक, बाजू दोन, मागची पट्टी एक, आणि आत कप्पे पाडायला १२० बाय १२० च्या पाच आडपट्ट्या. सगळं मिळून पावणेचार चौरस फुटांच्या आत बसलं आणि वजन भरलं पावणेदोन किलोच्या थोडं वर. तुमचा हिशोब करताना प्रत्येक भागाची लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये गुणा, बेरजेला ९२,९०३ नं भागा, चौरस फूट मिळतात. वर वेस्टेज धरा.

४. शीट: जाडी आणि प्रकार

बाजू, तळ आणि वरच्या फळीला ५ मिलिमीटर, आतल्या आडपट्ट्यांना ३. सगळंच ३ मध्ये करायचा मोह होतो, कारण पैसे वाचतात. पण ३६० मिलिमीटरची ३ जाडीची फळी राऊटरखाली हळूहळू झोळ धरते. ॲक्रेलिकवर कायम भार राहिला की ते महिन्या-दोन महिन्यांत वाकतं आणि मग सरळ होत नाही.

दुकानात दोन प्रकार असतात, कास्ट (साच्यात ओतून केलेलं) आणि एक्स्ट्रुडेड (मशीनमधून दाबून काढलेलं). आपल्या कामाला कास्ट घ्या. त्यावर कोरलेली अक्षरं दुधाळ पांढरी उठून दिसतात. एक्स्ट्रुडेडवर ती जवळजवळ पारदर्शकच राहतात, शिवाय ते चिकटवायच्या द्रावणानं लवकर चिरतं. कास्टची उणी बाजू अशी की त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते. दुकानातल्या दादांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ताई, पाचची शीट म्हणजे पाच भरतेच असं नाही की. मोजून घ्या." मी ते कानाआड केलं. त्याचं काय झालं ते पुढे येतंय.

बोर्डवाल्यांकडे सनबोर्ड किंवा फोम शीटही असते. ती हलकी आणि स्वस्त, म्हणून "हीच कापून द्या" असं म्हणावंसं वाटतं. ती पीव्हीसीची असते आणि लेझरखाली तिच्यातून क्लोरीनयुक्त विषारी, मशीन गंजवणारा धूर निघतो. चांगला दुकानदार नाहीच म्हणेल. घरी पडलेलं एखादं अनोळखी प्लॅस्टिक घेऊन गेलात तर त्यानं विचारपूस केली म्हणून रागावू नका.

शीटवर दोन्ही बाजूंनी कागद किंवा पातळ फिल्म असते. ती कापताना राहू द्या, म्हणजे धुराचे डाग पडत नाहीत.

५. लेझरवाला शोधताना

बेळगावात "लेझर कटिंग कुठं मिळेल?" म्हणून विचारलं की निम्मे लोक उद्यमबागेचा रस्ता दाखवतात. मीही रिक्षा करून गेले. तिथे फाउंड्री, मशीनशॉप, फॅब्रिकेशनवाले, आणि त्यांच्याकडचं लेझर असतं लोखंडाच्या पत्र्यासाठीचं, फायबर लेझर. त्याच्या किरणाची तरंगलांबी १.०६ मायक्रॉनच्या आसपास असते, तो पारदर्शक ॲक्रेलिकमधून सरळ आरपार जातो, कापत नाही. आपल्याला हवं कार्बन डायऑक्साइड म्हणजे सीओटू लेझर, त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, दहापट. हा किरण ॲक्रेलिक पूर्ण शोषून घेतं आणि म्हणून कडा काचेसारखी चकचकीत निघते. हे लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधलं. त्यांचा जन्म बारामतीचा आणि इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्यात झालेलं. मशीनसमोर उभी असताना हे आठवलं की मला फार बरं वाटतं.

तर, फोनवर विचारताना नीट विचारा, "ॲक्रेलिक कापायचं सीओटू लेझर आहे का?" असं मशीन बोर्ड, नेमप्लेट, ट्रॉफी करणाऱ्यांकडे सापडतं. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, खानापूरकरांनी बेळगावात यावं. ऑनलाइन मिळणारं छोटं निळ्या किरणाचं डायोड लेझर कुणी देऊ केलं तर पारदर्शक ॲक्रेलिकला त्याचा उपयोग नाही. काळं जेमतेम कापतं.

गणपतीच्या आधीचा महिना टाळा. मखरं आणि सजावटीची कामं इतकी असतात की घरगुती कामाला कुणी नीट वेळ देऊ शकत नाही. दसऱ्यानंतर निवांत.

६. आधी चाचणीची पट्टी, मग बाकी सगळं

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

स्टँडचे भाग एकमेकांत बसतात ते खाचा आणि त्यांत शिरणाऱ्या दात्यांनी. मी पहिल्या वेळी शीट ५ ची म्हणून खाचा ५ मिलिमीटरच्या काढल्या. शीट प्रत्यक्षात ४.६ होती. शिवाय किरण स्वतःच थोडं ॲक्रेलिक जाळून नेतो, साधारण ०.२ मिलिमीटर. म्हणजे ५ ची खाच झाली ५.२ ची, आणि तिच्यात बसायला आली ४.६ ची फळी. प्रत्येक सांध्याला ०.६ ची फट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण उभा केल्यावर स्टँड हात लावला की डुलायचा. लाकडाला पाचर मारता येते, घासून सावरता येतं. ॲक्रेलिकमध्ये तसं काही करता येत नाही. चिकटवायचं द्रावणही फट भरत नाही, ते फक्त एकमेकांना टेकलेल्या कडा जोडतं.

त्यामुळे आधी शीट तीन ठिकाणी मोजा. समजा ४.६ भरली. खाच कापल्यावर मोठी होते, दाता कापल्यावर लहान होतो, हे सूत्र डोक्यात ठेवा. ४.६ च्या फळीला ४.७ ची खाच हवी असेल तर ड्रॉइंगमध्ये ४.५ ची काढायची. पण प्रत्येक मशीनचा, प्रत्येक भिंगाचा हिशोब वेगळा, म्हणून कागदावरच्या गणितावर विसंबू नका. त्याच शीटच्या तुकड्यावर १५० बाय ६० ची एक पट्टी कापून घ्या. तिच्या कडेला ४.२, ४.३, ४.४ असं करत ४.८ पर्यंत सात खाचा, आणि प्रत्येकीखाली तिचा आकडा कोरलेला. मग त्याच शीटचा दुसरा तुकडा एकेका खाचेत घालून बघा. हाताच्या साध्या दाबानं आत जातो, उलटा धरला तरी पडत नाही आणि हलवला तर आवाज करत नाही, ती खाच तुमची. ३ च्या शीटसाठी वेगळी पट्टी.

जोर लावावा लागत असेल तर ती खाच घेऊ नका. ॲक्रेलिक आधी काहीच सांगत नाही, एकदम तडकतं. खाचेच्या आतल्या कोपऱ्यांना अर्धा ते एक मिलिमीटरची गोलाई द्या, कारण टोकदार कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. भोकं कडेपासून निदान जाडीच्या दुप्पट आत ठेवा.

७. ड्रॉइंग आणि फाइल

सगळं मिलिमीटरमध्ये काढा. कापायच्या रेघा लाल, कोरायचा भाग काळा, अशी खूण ठेवा आणि चिठ्ठीवरही लिहा. भागांमध्ये तीन ते पाच मिलिमीटर अंतर सोडा. एकावर एक दोन रेघा पडल्या आहेत का ते तपासा. पडल्या असतील तर मशीन तीच रेघ दोनदा कापतं, कड जळते आणि मिनिटांचे पैसेही दुप्पट.

फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना आकार बदलतो, हा नेहमीचा घोळ. इंकस्केप एका इंचाला ९६ एकक धरतं. दुसऱ्या बाजूनं ७२ धरले की १०० मिलिमीटरची रेघ १३३ होऊन बसते. यावर साधा उपाय आहे. पानाच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिलिमीटरची एक रेघ काढा, तिच्यावर "१००" लिहा आणि दुकानात फाइल उघडल्याबरोबर ती मोजायला सांगा. डीएक्सएफ, एसव्हीजी आणि पीडीएफ अशा तिन्ही प्रती पेनड्राईव्हवर ठेवा. कोरलड्रॉची फाइल देणार असाल तर त्यांची आवृत्ती कुठली ते आधी विचारून त्याच आवृत्तीत सेव्ह करा.

८. नावं कोरायची असतील तर

कप्प्यांवर नावं टाकली की वस्तू जागेवर राहतात, हा माझा अनुभव. आमच्याकडे सासूबाई मराठीच वाचतात आणि मुलगी शाळेत कन्नडही शिकते, म्हणून तिच्या हट्टानं दोन्ही लिप्यांत नावं टाकली. यात जे अडलं ते मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं.

देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपली शिरोरेषा सोबत घेऊन येतं. शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेवर ती किंचित चढते, म्हणून आपल्याला पडद्यावर ती सलग दिसते. मशीनला मात्र त्या सुट्या आकृत्याच दिसतात. मी "रिमोट" हा शब्द निळ्या शीटमधून कापून वर चिकटवायचा म्हणून दिला होता. हातात आले चार तुकडे, वेलांटी वेगळी, र वेगळा, मो वेगळा, ट वेगळा, आणि शिरोरेषेवर जिथे जिथे अक्षरं चढली होती तिथे उभे काप. कोरताना दुसरीच गंमत होते. चढलेला भाग मशीन "आतलं भोक" समजून सोडून देतं आणि शिरोरेषेत कोरे ठिपके राहतात.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी अक्षरांचं आकृतीत रूपांतर करा, इंकस्केपमध्ये "ऑब्जेक्ट टू पाथ", कोरलमध्ये "कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज". मग सगळी अक्षरं निवडून इंकस्केपमध्ये "युनियन" किंवा कोरलमध्ये "वेल्ड" करा. शब्द एकसंध होतो. शेवटी फक्त बाह्यरेषा दिसेल असं करून डोळ्यांनी तपासा, शिरोरेषेच्या आत एकही आडवी-उभी रेघ उरता कामा नये. हे रूपांतर घरीच करून न्या. युनिकोड मजकूर तसाच दिला आणि दुकानात जुनी आवृत्ती असली तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते.

शब्द कापून काढणार असाल तर अनुस्वाराचं काय ते बघा. "चार्जिंग"मधला अनुस्वार शिरोरेषेला चिकटलेला नसतो, तो सुटून पडतो. त्याला बारीक दांडी जोडून घ्या. उलट, शीटमध्ये अक्षरांचं भोक पाडणार असाल तर "ष", "ब", "व" यांच्या पोटातले तुकडे पडतात. पहिल्या वेळी मी म्हणेन नुसतं कोरूनच घ्या, काही पडत नाही आणि दिसतंही सुंदर.

कन्नडला शिरोरेषा नाही, पण ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं अक्षर, मुख्य अक्षराच्या खाली बसतात आणि पुष्कळ फॉन्टमध्ये ती सुटीच असतात. कोरताना त्रास नाही, कापताना आहे. दोन्ही लिप्या एकाच वळणाच्या दिसाव्यात तर "बालू" हा मोफत फॉन्ट घ्या. देवनागरीसाठी "बालू" आणि कन्नडसाठी त्याचंच भावंड "बालू तम्मा". दोन्ही जाड आणि गोलाईचे, त्यामुळे आठ मिलिमीटर उंचीची अक्षरंही सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येतात.

९. दुकानात

दर विचारताना तीन गोष्टी सुट्या करून विचारा. शीट चौरस फुटावर की पूर्ण शीटवर, कटिंग मिनिटावर की फुटावर, आणि चिकटवण्याचे वेगळे का. कोरण्याला कापण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, तेव्हा मिनिटावर दर असेल तर मोठी पानं-फुलं कोरून घेण्याआधी विचार करा. आडपट्ट्यांसाठी कटपीस मागा. मोठ्या कामातून उरलेले तुकडे दुकानात पडलेले असतात आणि ते स्वस्तात मिळतात.

कापताना शक्य असेल तर थांबा. आतली भोकं आणि खाचा आधी, बाहेरची कड शेवटी, असा क्रम लावायला सांगा. कड आधी कापली तर भाग किंचित सरकतो आणि खाचा चुकतात. पहिला भाग निघाला की तिथेच व्हर्नियर लावा. मी दुसऱ्या वेळी हे केलं तेव्हा दादांनी आपणहून मशीन थांबवलं आणि मापं जुळल्यावरच पुढचं चालू केलं.

१०. जोडणी

आधी सगळं कोरडं जोडून बघा, कागद काढायच्या आधी. उभा करा, टेबलावर टेकवा, डुलतो का बघा. मगच कागद काढा.

चिकटवायला फेविक्विक नको. त्याच्या वाफेनं सांध्याभोवती पांढरट धुकं पसरतं आणि ते जात नाही. दुकानात क्लोरोफॉर्म किंवा तत्सम द्रावण सुईनं सांध्यात सोडतात. ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. क्लोरोफॉर्मची वाफ घातक असते. बंद खोलीत, पेटत्या गॅसजवळ, मुलांसमोर हे काम करायचं नसतं, आणि घरी करूच नका असं मी म्हणेन. जोडलेले भाग घेऊन दुकानात जा, सराईत हाताला दहा मिनिटांचं काम आहे.

चिकटवताना तळ, बाजू, वरची फळी आणि मागची पट्टी एवढंच चिकटवा. आतल्या आडपट्ट्या नुसत्या खाचांत सरकवून ठेवा. फोन बदलतात, कप्पे बदलावे लागतात.

नवीन कापलेल्या ॲक्रेलिकला उग्र वास असतो. दोन दिवस गच्चीवर किंवा खिडकीत सावलीत ठेवा, जातो. तळाला रबरी बूच लावून पंधरा मिलिमीटर उंच करा, म्हणजे खालून फडकं फिरवता येतं आणि मुंग्या दिसतात.

११. पुसताना

पहिला स्टँड डुलत होता तरी मी वापरत होते. एके दिवशी तो सॅनिटायझरनं पुसला, हाताशी तोच होता म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात बघितलं तर प्रत्येक खाचेच्या कोपऱ्यातून केसासारख्या बारीक चिरा निघालेल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, आतल्या आत. बोट फिरवलं तर पृष्ठभाग गुळगुळीत. आठवड्याभरात त्यातली एक चीर आरपार गेली आणि बाजूचा तुकडा माझ्या हातात आला. लेझरच्या उष्णतेनं कापलेल्या कडेत ताण राहिलेला असतो, सॅनिटायझरमधलं स्पिरिट लागलं की तो असा बाहेर पडतो. सॅनिटायझर, स्पिरिट, थिनर आणि काच पुसायचं निळं पाणी, यातलं काहीही ॲक्रेलिकला लावू नका.

साबणाचं कोमट पाणी आणि जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा, एवढंच. कोरड्या फडक्यानं घासलं तर ओरखडे पडतात आणि वर धूळ आणखी चिकटते.

ड्रॉइंगची फाइल आणि चाचणीची पट्टी दोन्ही जपून ठेवा. माझी पट्टी स्टँडच्याच मागे दोऱ्यानं बांधलेली आहे, तिच्यावर शीटचं माप पेननं लिहिलंय. गेल्या दिवाळीत मुलानं मोठा फोन घेतला, तो जुन्या कप्प्यात जाईना. फाइलमध्ये एका खाचेची जागा चार मिलिमीटर सरकवून एकच आडपट्टी नव्यानं कापून आणली. दादांनी ती कटपीसमधूनच काढून दिली, घरी आल्यावर मुलानं जुनी ओढून काढली आणि नवी सरकवली.